रोपं निवडताना हवामान पाहा, पेरताना आजची हवा

मे संपत आला की दोन निर्णय एकदमच पुढ्यात येतात. नव्या फळबागेसाठी कोणती रोपं आणायची आणि खरिपाचा पेरा कधी धरायचा. पहिला निर्णय हवामान पाहून घ्यायचा असतो, दुसरा हवा पाहून. या दोन्हींत गल्लत झाली की एकतर बाग पाचव्या वर्षी उपटावी लागते, नाहीतर दुबार पेरणी येते.

हवा म्हणजे आज, उद्या, या आठवड्यात आभाळ काय करणार ते. हवामान म्हणजे त्या जागी निदान तीस वर्षांत काय होत आलं, त्याची सरासरी आणि त्यातले चढउतार. जुन्या माणसांनी रोहिणी, मृग, आर्द्रा असं पेऱ्याचं गणित बांधलं, ते हवामानाचंच ज्ञान. मृग ७-८ जूनला लागतो. या सुमारास पाऊस यावा, एवढं तो सांगतो. यंदा येईलच, हे सांगत नाही. २०२५ साली मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला. त्याची नेहमीची तारीख ११ जून. पण लगेच तो अडखळला आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकलाच नाही. पेरणीची घाई करू नका, असं तेव्हा कृषी विभाग आवर्जून सांगत होता, ते याचसाठी.

आता रोपांचं. जगभरातल्या हवामानाची वर्गवारी व्लादिमिर कोपेन या शास्त्रज्ञाने १८८४ पासून मांडत आणली आणि ती आजही वापरात आहे. कुठे कोणती झाडं आपणहून वाढतात हे त्याने आधी पाहिलं आणि त्यावरून तापमान-पावसाच्या सीमा आखल्या. शेतकऱ्याच्या उपयोगाची ती म्हणूनच. मुख्य गट पाच: उष्णकटिबंधीय, कोरडं, समशीतोष्ण, थंड खंडीय आणि ध्रुवीय. आपलं कोकण पहिल्या गटात येतं, विदर्भाचा बराच भागही त्याच गटात, पण तिथे कोरडे महिने जास्त. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा पट्टा लागला की निमकोरडं हवामान सुरू होतं. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेकडचं माण दुष्काळी म्हणून ओळखलं जातं. त्यामुळे शेजारच्या तालुक्यात एखादं फळ आलं म्हणून ते आपल्याकडे येईलच, असं धरू नका.

कोरडेपणा नुसत्या पावसाच्या आकड्यावर ठरत नाही, हे कोपेनच्या पद्धतीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. लंडनला वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, तरी गवत बारमाही हिरवं असतं. तिथे तो बाराही महिने थोडाथोडा पडतो आणि थंडीमुळे उडून जात नाही. आपल्या सोलापूर भागात पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि नंतर उन्हाने बाष्पीभवन जोरात होतं. म्हणून रोपवाटिकेत ‘या झाडाला पाऊस कमी लागतो’ असं कोणी सांगितलं, तर पुढचे प्रश्न आपण विचारायचे. तो पाऊस कोणत्या महिन्यात लागतो? एप्रिल-मेचं ऊन झाडाला सोसतं का? फुलोऱ्याच्या वेळी आपल्याकडे काय असतं?

सफरचंदाच्या रूढ जातींना हिवाळ्यात सात अंशांखालच्या थंडीचे साधारण आठशे ते बाराशे तास लागतात. तेवढी थंडी आपल्याकडे मिळतच नाही. कमी थंडीत येणाऱ्या जाती निघाल्या आहेत, त्या लावायच्याच असतील तर आधी पाच-दहा झाडं लावून दोन बहार पाहा, मगच एकराचा विचार करा. ॲव्होकॅडोलाही हाच नियम लावा. कोवळ्या रोपाला मराठवाड्यातल्या मेची झळ फार जड जाते.

परक्या हवामानातलं पीक इथे आणताच येत नाही, असं मात्र नाही. द्राक्ष घ्या. भूमध्य सागरी हवामानात पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. तिथली वेल थंडीत झोपते, वर्षाला एकदाच छाटली जाते आणि कोरड्या उन्हाळ्यात पिकते. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडी नाही आणि पावसाळा नेमका उलट्या वेळी. म्हणून नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी दोन छाटण्या बसवल्या. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची फळछाटणी घडासाठी. माल कोरड्या फेब्रुवारी-मार्चात पिकतो. सगळं वेळापत्रकच इथल्या हवामानावर बेतलं, तेव्हा कुठे ते जमलं. आणि आजची हवा त्यातही दगा देतेच. मेअखेरीस काडीत सूक्ष्म घडनिर्मिती, म्हणजे डोळ्यांत पुढच्या घडांची घडण, चालू असते आणि तिला ऊन लागतं. या काळात आठवडाभर ढगाळ राहिलं, तर दाटीच्या काड्या विरळ करा, नत्र आवरा आणि शेंड्याची वाढ मोकाट सोडू नका.

खरिपात काय पेरायचं हेही आधी हवामानच सांगतं. राज्याचे नऊ कृषी हवामान विभाग पाडले आहेत. आपला कोणता, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) विचारून घ्या. अवर्षणप्रवण पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये मोठी उघडीप आणि सप्टेंबरात परतीचा जोर, असा बहुतेक वर्षांचा पाऊस असतो. त्यामुळेच तिथे हलक्या रानात बाजरी, आणि भारी काळं रान मोकळं ठेवून रब्बीत शाळू ज्वारी, ही जुनी रीत आहे. एखाद्या वर्षी जून चांगला लागला म्हणून ती सगळीच मोडू नका.

पेरणीचा दिवस मात्र रानातच ठरतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन, कपाशीला हात घालू नका. मोजायला सरळ काठाचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला त्यात पट्टी उभी धरा. पट्टीवर जितके मिलिमीटर, तितका पाऊस. मग वितीभर खणून तळाची माती मुठीत दाबा. गोळा होऊन तो हलक्या दाबाने फुटला, तर वाफसा आहे. बोटांना चिकटला तर थांबा. खाली कोरडी ढेकळं लागली तरी थांबा. दरम्यान घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहून घ्या. सत्तरपेक्षा कमी उगवले तर बियाणं वाढवा किंवा बदला. पेरताना खोली तीन ते पाच सेंटिमीटरच ठेवा.

अंदाज ऐकताना शब्द नीट ऐका. ‘सरासरीच्या इतके टक्के’ हा हंगामाचा अंदाज देशाचा असतो. त्याची सरासरी ८७ सेंटिमीटर, आणि त्यावरून आपल्या शिवाराचं काहीच कळत नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हटलं की पाऊस मोजणाऱ्या फार तर चौथा हिस्सा केंद्रांवर पाऊस, म्हणजे तो आपल्याला चुकण्याचीच शक्यता जास्त. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘बहुतांश ठिकाणी’ आलं की फवारणी आणि खताचा हप्ता पुढे ढकला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी सल्ला मेघदूत ॲपवर मिळतो. विजेसाठी दामिनी ॲप मोबाइलमध्ये असू द्या आणि कडकडाट सुरू झाला की झाडाखाली थांबू नका.

पाऊस लांबलाच, तर मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर पेरू नयेत. त्याच्याही पुढे गेला तर बाजरी, तूर, सूर्यफूल यांकडे वळा. त्यांचं थोडं बियाणं आत्ताच घरात आणून ठेवा, कारण तेव्हा सगळेच दुकानात धावतात आणि हवं ते वाण मिळत नाही.