प्रगतिपुस्तकाआधी वही पाहा

रबाळे, महापे, ऐरोलीच्या कचेऱ्यांतून ठाण्याकडे परतणारे किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीतून सुटून रात्री आठच्या सुमारास घरात शिरणारे आई-वडील मुलाच्या अभ्यासाला जेमतेम अर्धा तास देऊ शकतात, आणि त्यातला बराचसा वेळ ‘गृहपाठ झाला का?’ या प्रश्नात आणि ‘झाला’ या उत्तरात जातो. मग दुसरीपासूनच क्लास लावला जातो. तिथे पुन्हा गृहपाठ मिळतो आणि मूल दोन ठिकाणची लेखी कामे उरकू लागते. क्लास लावण्याआधी महिनाभर एक साधे काम करून पाहावे, असे मी सुचवेन. आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी सकाळी, मुलाला शेजारी बसवून त्याची शाळेची वही शांतपणे वाचावी.

हे काम तपासणीचे नाही, म्हणून हातात लाल पेन घेऊ नये. वही मागच्या पानापासून पुढे चाळावी, म्हणजे अलीकडचे काम आधी दिसते. अर्धवट सोडलेले पान, तारीख घालून रिकामी ठेवलेली जागा, शिक्षकांनी ‘दुरुस्ती करा’ असे लिहूनही न झालेली दुरुस्ती, यांवर थांबावे. एकही चूक नसलेली, सुंदर अक्षरातली प्रश्नोत्तरांची वही पाहून मात्र लगेच हुरळून जाऊ नये. अशी वही बहुतेक वेळा फळ्यावरून किंवा गाईडमधून उतरवलेली असते आणि मुलाला काय समजले आहे, हे तिच्यावरून मुळीच कळत नाही. पुस्तक मिटून त्यातलाच एक प्रश्न तोंडी विचारला की एका मिनिटात उलगडा होतो.

गणिताची वही त्या मानाने फार प्रामाणिक असते. माझ्या मुलीने तिसरीत 403 मधून 178 वजा करून उत्तर 375 लिहिले होते. मी नेहमीप्रमाणे ‘नीट लक्ष देत जा’ म्हणून मोकळा होणार होतो, पण तिला उदाहरण मोठ्याने बोलत सोडवायला सांगितले तेव्हा लक्षात आले की प्रत्येक स्थानावर ती मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती, म्हणजे आठातून तीन, सातातून शून्य आणि चारातून एक. उत्तर 225 यायला हवे होते, पण तिच्या नियमाने 375 च येणार होते. तिचे लक्ष पूर्ण होते, नियम चुकीचा होता. दशकस्थानी शून्य असताना हातचा कुठून आणायचा, हे तिला उमगलेच नव्हते. दहाच्या आणि शंभराच्या खोट्या नोटा जमिनीवर मांडून, शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा घेतल्या आणि त्यांतल्या एका नोटेची सुटी नाणी केली. दोन संध्याकाळी गेल्या. ‘आणखी पन्नास वजाबाक्या कर’ असे सांगितले असते, तर तिने तोच चुकीचा नियम पन्नास वेळा घोटला असता.

म्हणून चूक दिसली की आधी ‘हे कसे केलेस?’ असे विचारावे. 612 भागिले 6 चे उत्तर 12 लिहिणारे मूल बहुधा भागाकारातला शून्य गाळत असते, तर 102 लिहूनही पडताळा करता न येणारे मूल रीत पाठ करून चालत असते. दोघांना लागणारी मदत वेगळी आहे, पण गुण मात्र उत्तर चूक की बरोबर एवढेच सांगून थांबतात.

भाषेच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक पेच असतो. सेमी-इंग्रजीतले मूल गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकते, घरी मात्र मराठी बोलते, आणि पालकांना वाटते की आपल्याला त्या इंग्रजी संज्ञा येत नाहीत म्हणून आपण मदत करू शकत नाही. खरे तर धडा मराठीत समजावून सांगण्याची विनंती मुलालाच करावी. ज्याला संकल्पना कळली आहे, ते मूल अडखळत का होईना सांगते. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला भाजीवाल्याने ‘एकोणसत्तर झाले’ म्हटल्यावर किती सुटे परत घ्यायचे हे कळत नसेल, तर दर आठवड्याची भाजी त्याच्याच हाती हिशेब देऊन आणावी. वाचनासाठी वेगळी शिकवणी नको. ठाण्यात 1893 पासून चालत आलेले मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. तिथे मुलाला नेऊन पुस्तक त्यालाच निवडू द्यावे, जरी त्याने आपल्या मते फारच सोपे पुस्तक उचलले तरी.

परिसर अभ्यासाच्या वहीत खारफुटीवर पाच ओळींचे उत्तर असेल, तर ऐरोलीला खाडीकाठच्या सागरी जैवविविधता केंद्रात एक सकाळ घालवावी. ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि चिखलातून वर आलेली तिवरांची श्वसनमुळे एकदा पाहिलेले मूल ते उत्तर पुन्हा पाठ करत बसत नाही. परत आल्यावर त्याने स्वतःच्या शब्दांत चार वाक्ये लिहावीत. शुद्धलेखन त्या दिवशी सोडून द्यावे.

पालकसभेला जाताना ही वही बरोबर न्यावी. ‘कसा आहे अभ्यासात?’ या प्रश्नाला ‘हुशार आहे, पण बोलतो फार’ याहून वेगळे उत्तर मिळत नाही, आणि त्यात शिक्षकांचा दोष नसतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण दिले आहे. तेवढीच मुले धरली तरी प्रत्येकाच्या पालकांशी पाच-पाच मिनिटे बोलायला अडीच तास लागतात. त्याऐवजी पान उघडून ‘शून्याची वजाबाकी घरी अशी घेतली, वर्गात कशी घेता?’ असे विचारावे. मुलाची हजेरी, आकलन आणि प्रगती यांविषयी पालकांशी नियमित बोलणे हे याच कायद्याने शिक्षकांचे कर्तव्य ठरवले आहे, आणि त्यांनी स्वतः खासगी शिकवण्या घेण्यास मनाई केली आहे. महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत मूल असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, हेही ध्यानात ठेवावे. वर्गातला पंखा, स्वच्छतागृह, रिकामे शिक्षकपद हे विषय तिथे मांडावेत. पालकसभेतली ती पाच मिनिटे वहीसाठी राखावीत.

महिनाभरानंतरही काही अडत असेल, तर क्लास जरूर लावावा, पण क्लासच्या सरांना नेमके काय अडते ते वही दाखवून सांगावे. वार्षिक परीक्षेनंतर वह्या लगेच रद्दीत घालू नयेत. निदान दिवाळीपर्यंत जपून ठेवून, गेल्या वर्षीच्या जूनचे पान आणि आताचे पान मुलासमोर शेजारी ठेवावे.