प्रकार्यवादावरची टीका लिहिताना या चुका टाळा

नागपूरच्या अभ्यासिकांत समाजशास्त्र घेऊन बसलेल्या पोरांची उत्तरं मी तपासतो. एखादी प्रथा समाज टिकवायला काय काम करते, यावरून तिचा उलगडा करणारा विचार म्हणजे प्रकार्यवाद. त्याच्यावरच्या टीकेचे मुद्दे सगळ्यांना पाठ असतात. फजिती होते ती उदाहरण देताना.

परवाच एकानं नागपुरातल्या मारबतीवर, म्हणजे पीडा घालवायला मिरवणुकीनं काढतात त्या पुतळ्यावर, लिहिलं होतं, ‘लोकांच्या मनातला राग बाहेर पडावा म्हणून मारबत निघते.’ मी त्या ‘म्हणून’भोवती लाल गोल काढला. “पण सर, राग तर खरंच निघतो ना!” निघत असेल. तान्ह्या पोळ्याला बडग्या नावाच्या पुतळ्याच्या गळ्यात महागाईची पाटी अडकवून, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडत इतवारीतून गेलेला माणूस हलका होऊनच घरी येत असेल. पण तो झाला परिणाम. मारबत मुळात कोणी काढली, आज तिचा खर्च कोण उचलतो, हे त्यावरून कळत नाही. परिणामालाच कारण समजणं हा तर प्रकार्यवादावरचा जुना आक्षेप, आणि पोरं तो वरच्या परिच्छेदात लिहून खालच्या परिच्छेदात तेच करतात! ‘म्हणून’ खोडा, ‘त्यामुळे’ लिहा. वाक्य लंगडं वाटलं तर समजा, कारण अजून शोधायचं आहे.

‘मर्टनने प्रकार्यवाद नाकारला’ हे तर दर तिसऱ्या वहीत. या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं तो नाकारला नाही, घरात राहून डागडुजी केली. समाज एकसंध असतो, प्रत्येक प्रथा उपयोगाची असते, तिच्यावाचून चालतच नाही, ही तीन गृहीतकं त्यानं १९४९ मध्ये मोडीत काढली आणि ‘अपकार्य’, म्हणजे प्रथेचा घातक परिणाम, ही संकल्पना रुजवली. ती वापरताना ‘कोणासाठी?’ हे लिहायला विसरू नका.

जातीच्या उदाहरणात हा ‘कोणासाठी’ हमखास गळतो. ‘जात म्हणजे श्रमविभागणी’ असं दीक्षाभूमीच्या गावात बसून लिहिताना निदान पेन अडखळावं. ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं होतं. मात्र ‘आंबेडकरांनी डेव्हिस-मूर यांना उत्तर दिले’ असंही लिहू नका. त्या दोघा प्रकार्यवाद्यांचा स्तरीकरणावरचा, म्हणजे समाजातल्या वरच्या-खालच्या थरांवरचा, लेख १९४५ चा. त्यांना थेट उत्तर दिलं ट्युमिन या समाजशास्त्रज्ञानं, १९५३ मध्ये. वरच्या जागी लायक माणसं पोहोचावीत म्हणून विषमता हवी, असं डेव्हिस-मूर म्हणत होते. ट्युमिनचं म्हणणं, खालच्या घरातल्या पोरांची लायकी कळायच्या आतच विषमता त्यांची वाट अडवते.

आणि ‘प्रकार्यवादात बदलाला जागाच नाही’ हे वाक्य सरळ काटा. पार्सन्स या बड्या प्रकार्यवाद्यानं सामाजिक उत्क्रांतीवर लिहिलंय. प्रकार्यवादाला अवघड जातो तो सत्तेच्या झटापटीतून होणारा बदल, एवढंच लिहा.