रानातला स्लॅशर पाहावा कसा

कमी पैशांत काढलेले, गावाबाहेर घडणारे स्लॅशर, म्हणजे मारेकरी एकेकाला गाठून मारतो असे भयपट, पाहायचे असतील तर सुरुवात १९७४ च्या 'द टेक्सस चेन सॉ मॅसेकर'ने करा. मी सगळ्यांना हाच सांगते. दिग्दर्शक टोबी हूपरने तो टेक्ससमध्ये, १९७३ च्या भर उन्हाळ्यात, १६ मिमी फिल्मवर चित्रित केला. रक्तपाताच्या अपेक्षेने बसू नका, पडद्यावर रक्त फार थोडं आहे.

पहिला अर्धा तास पुढे ढकलायचा मोह होईल, ढकलू नका. गाडी कुठे वळली, पंपावर पेट्रोल नाही म्हटल्यावर गाडीतली पोरं कुठल्या वाटेने निघाली, मदत किती लांब आहे, हे मनात पक्कं करत जा. पुढे पळापळ सुरू झाली की भीती या अंतराचीच वाटते. शहरात निदान शेजारच्या दारावर थाप मारता येते. इथे एकच दार आहे आणि मारेकरी त्याच घरात राहतो. या चित्रपटांचं मला वेड आहे ते यासाठी.

झोपाळ्यावरून उठून मुलगी घराकडे निघते तो शॉट दोनदा पाहा. कॅमेरा जमिनीलगत, झोपाळ्याखालून तिच्या मागे सरकतो आणि घर मोठं होत होत आभाळ झाकू लागतं. वर लख्ख ऊन! हाताशी पैसा असता तर इथे धुकं आणि निळा प्रकाश आला असता, आणि सगळं वाया गेलं असतं.

हेडफोन मात्र हवेतच. त्या घरामागे जनरेटर घरघरतो, तो आवाज ऐकूनच ती मुलगी आणि तिचा मित्र तिकडे जातात.

मग १९८० चा 'फ्रायडे द थर्टीन्थ' लावा. न्यू जर्सीतल्या खऱ्याखुऱ्या स्काउट कॅम्पवर चित्रित झालेला. हॅरी मॅनफ्रेडिनीने पार्श्वसंगीत मारेकरी खरोखर जवळ असेल तेव्हाच वाजवलंय. ते वाजत नसेल तर दचकवणारी गोष्ट फसवी, हे ध्यानात ठेवून ऐका. जंगलातली शांतता वेगळीच वाटू लागेल.

नट केव्हिन बेकनच्या गळ्यातून बाण निघतो तिथे थांबा, मागे जा, परत पाहा. खाटेवर दिसतं ते फक्त त्याचं डोकं. बाकी शरीर खाटेखाली आहे आणि मान मेकअपवाल्या टॉम सॅव्हिनीने बनवलेली, खोटी. ऐन वेळी रक्ताच्या पंपाने दगा दिला, तेव्हा खाली बसलेल्या सहाय्यकाने नळीत तोंडाने फुंकून रक्त उडवलं. आता ते उसळताना नीट बघा: पंपाची धार एकसारखी आली असती, हे रक्त श्वासागणिक येतं.