रेणू दिसतो सुबक, पण आहे चुकीचा: या चुका टाळा

प्रोजेक्ट रिपोर्टमधल्या बहुतेक रासायनिक रचना दिसायला छान असतात. गडबड कळते ती रचना सिलेक्ट करून अ‍ॅनालिसिस विंडो उघडली की. रचना काढायचं सॉफ्टवेअर केमड्रॉ तुमच्या रेघांवरून अणू मोजतो, रेणुभार काढतो, नाव देतो. केमस्केच, केचर ही फुकटातली मंडळीही अणू मोजून रेणुभार काढतात. त्यामुळे नजरेला पटलं तरी सॉफ्टवेअरला काय कळलंय, ते विचारून घ्यायचं.

अ‍ॅस्पिरिनचंच घ्या. रेणुभार यायला हवा १८०.१६ आणि दिसतोय १७८.१९. स्क्रीनवर तर काहीच चुकलेलं नाही! बहुधा अ‍ॅसिडचा ‘ओएच’ टेक्स्ट टूलने बाँडच्या शेजारी टाइप झालाय, टोकाला जोडलेलाच नाही. रिकामं टोक म्हणजे मिथाइल, असं सॉफ्टवेअर धरून चालतं. रचनेवर डबल क्लिक करा; ओएच सिलेक्शनबाहेर राहिला तर तोच चोर. तो उडवा, कर्सर बाँडच्या टोकावर न्या आणि ‘ओ’ची की दाबा. हायड्रोजन आपोआप लागतो.

धन-ऋण प्रभारांचंही हेच. नायट्रोजनला चार बाँड देऊन शेजारी टेक्स्टमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं, तर लाल चौकट येणारच. काही जण ती चौकट दिसू नये म्हणून केमिकल वॉर्निंग्जच बंद करून टाकतात. असं करू नका, चार्ज टूल वापरा.

वेज बाँड म्हणजे कागदातून पुढे येणारा बंध दाखवणारी पाचरीसारखी रेघ. तिचं निमुळतं टोक कायरल कार्बनवर (चार वेगळे गट जोडलेल्या कार्बनवर) हवं. उलटं काढलं की सॉफ्टवेअर भलत्याच कार्बनला कायरल समजायला जातं. ‘शो स्टिरिओकेमिस्ट्री’ चालू ठेवून आर-एस (कायरल कार्बनभोवतीच्या गटांची मांडणी सांगणारी अक्षरं) बघत राहा, पण डोकं शाबूत ठेवून. एल-अमिनो आम्लं सगळी ‘एस’ असतात हे पाठ असतं, मग सिस्टीनवर ‘आर’ दिसला की लोक घाबरून वेजचा हॅश (मागे जाणारा बंध दाखवणारी तुटक रेघ) करतात आणि बरोबर असलेला रेणू बिघडवतात. सिस्टीनमध्ये आर-एस ठरवताना गंधकामुळे बाजूच्या साखळीचा अग्रक्रम वर जातो, म्हणून एल-सिस्टीन ‘आर’च असतं.

‘क्लीन अप’ची (रचना आपोआप नीटनेटकी करणाऱ्या कमांडची) सवय साध्या रचनांना ठीक. ग्लुकोजची खुर्ची (खुर्चीसारखं दिसणारं वलय) मेहनतीने काढून वर क्लीन अप मारलंत, तर खुर्ची मोडलीच समजा.

वर्डमध्ये कोपरा धरून रचना ओढणं मला सर्वांत खटकतं. एका पानावर बेंझिनची तीन मापं आणि अक्षरं कुठे मोठी, कुठे मुंगीएवढी! आधीच अमेरिकन केमिकल सोसायटीचं ‘एसीएस डॉक्युमेंट १९९६’ सेटिंग लावा: बाँडची लांबी ०.५०८ सेंटिमीटर, अक्षरं १० पॉइंट. जेपीजी नको, रेघांच्या कडा धुरकट होतात. केमड्रॉची मूळ सीडीएक्स फाइल मात्र जपून ठेवा, गाइड दुरुस्ती सांगणारच.

प्रथिनांकडे वळलं की चुकांची जात बदलते. पीडीबीमधून (प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातून) घेतलेली १एचएचओ ही हिमोग्लोबिनची फाइल पायमॉल या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर हिमोग्लोबिनच्या चारऐवजी दोनच साखळ्या दिसतात. फाइल खराब नाही. स्फटिकातला पुन्हा पुन्हा येणारा भाग तेवढाच आहे, पूर्ण रेणू हवा तर ‘बायोलॉजिकल असेंब्ली’ डाउनलोड करा. क्ष-किरणांनी मिळालेल्या अशा रचनांत हायड्रोजन बहुधा नसतात, तेव्हा हायड्रोजन बंध दाखवण्याआधी ते जोडून घ्या. चित्र सेव्ह करण्याआधी पार्श्वभूमी पांढरी करून ‘रे’ कमांड द्या, नाहीतर प्रिंट दातेरी येते.

शेवटचं पॉवरपॉइंटबद्दल. स्लाइडवर जागा जमत नाही म्हणून चित्र ‘फ्लिप हॉरिझाँटल’ केलं की उजव्या वळणाचा डीएनए डावखुरा होतो आणि एल-अमिनो आम्लाचं डी, म्हणजे आरशातलं रूप होतं. ओळखायची रीत सोपी: डीएनए उभा धरला तर आपल्या बाजूने जाणारी पट्टी खालून डावीकडून वर उजवीकडे चढायला हवी.