पद्मिनी खोलण्याआधी: तयारीची यादी

जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार नागपुरात आणून पुन्हा उभी करायची असेल तर ही यादी. आरसी (नोंदणी पुस्तक) नसेल तर गाडी आणू नका, कितीही स्वस्त मिळो. असेल तर नंबर सरकारच्या वाहन पोर्टलवर टाकून बघा. जुन्या नोंदी कित्येकदा संगणकावर चढलेल्याच नसतात, मग आरटीओत बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. गाडी अमरावती-यवतमाळकडची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत) लागते का तेही विचारा. हे सगळं गाडी अख्खी असताना उरका. सुट्या भागांच्या ढिगाची कागदपत्रं करायला कोणी बसत नाही.

मग बॉनेट उघडा आणि चेसिस नंबरचा ठसा घ्या. पाना हातात घ्यायच्या आधी. ही यादी लिहायचं कारणच ते. मागच्या गाडीला एवढंच राहिलं होतं. पत्र्यात ठोकलेला नंबर रॉकेल आणि दाताच्या जुन्या ब्रशने साफ करायचा. पॉलिश पेपर लावायचा नाही, वायर ब्रश तर नाहीच. त्यावर पातळ पांढरा कागद चिकटपट्टीने ताणून बसवा, मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा, आकडे उमटतात. असे चार ठसे. फोटो काढताना टॉर्च बाजूने धरा, समोरच्या उजेडात आकडे सपाट होतात. इंजिन नंबरचंही तसंच. मग आरसीशी एकेक आकडा ताडा. ३ चा ८ किंवा १ चा ७ झालेला असू शकतो, आणि ती दुरुस्ती मूळ नंबर स्वच्छ वाचता येतो तोवरच सोपी. ठसा झाला की नंबरवर ग्रीसचा थर, त्यावर जाड टेप, टेपवर मार्करने ठळक: हात लावू नये. डेंटरचा (पत्रा ठोकणाऱ्याचा) ग्राइंडर गंज कोणता आणि नंबर कोणता ते बघत नाही. पेंटर तिथे लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारतो, दिसतं फार सुबक. मग नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीत नंबर सापडत नाही, खरवडला तर आकडे अर्धवट निघतात, आणि खाडाखोडीचा संशय मालकावर.

पुढचं, गाडी मूळ रूपात ठेवायची की बदलायची, हे आत्ताच ठरवा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिला व्हीए मालिकेतला नंबर मिळतो. पण चेसिस, बॉडी शेल, इंजिन मूळ हवं, आणि अशी गाडी रोज चालवता येत नाही. पद्मिनी हे नावच १९७४ चं, त्यामुळे बहुतेक गाड्या त्यात बसतच नाहीत. त्यांना नेहमीचाच रस्ता: १५ वर्षांनंतर नूतनीकरणाचा फॉर्म २५, तपासणी, पर्यावरण कर, पाच वर्षांची मुदत. रंग बदलला तर आरसीवर नोंद. दुसरं इंजिन बसवायचं तर आधी परवानगी, नंतर नाही. आणि नंबरचा ठसा घेतला का? नसेल तर इथेच थांबा.

सामान रंगाच्या आधी गोळा करा, विशेषतः रबर. काचेची बीडिंग, दाराची बीडिंग, पेडल रबर. मुंबईतल्या शेवटच्या काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या आणि सुट्या भागांचं मोठं गिऱ्हाईक संपलं. नागपुरात घाट रोडवर आधी विचारा, नाही मिळालं तर मुंबईच्या ऑपेरा हाऊस नि कुर्ल्याच्या फेऱ्या. समोरची काच काढताना फुटू शकते, दुसरी हाताशी असल्याशिवाय जुनी काढू नका.

नागपुरात रंगाचे महिने दसरा ते फेब्रुवारी. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या उन्हात, थिनर पत्र्यावर पोचेपर्यंत उडून जातो, रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात हवेतली ओल पकडून पांढुरकी झाक येते, आणि जुलैत उघडा सोडलेला पत्रा सकाळपर्यंत तांबडा. म्हणून उलटं मोजा: पत्र्याचं काम उन्हाळ्यात, पावसाळ्यात इंजिन आणि कार्बोरेटर टेबलावर, दसऱ्यानंतर रंगाची बंदूक. सुट्या भागांची लेबलं मास्किंग टेपची नकोत, मे महिन्यात सगळी गळून खाली पडलेली सापडतात. पुठ्ठा आणि तार. नट-बोल्ट पिशव्यांत, हे सांगायला नको.

पत्रा. पद्मिनीला वेगळी चेसिस फ्रेम नाही, बॉडीच भार उचलते. दाराखालचा रनिंग बोर्ड हा शोभेचा भाग नाही. तो कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप तिरपा, वेल्डिंगचे टाके मारून बसवा, आणि एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही एकदम कापल्या की बॉडी मधून बसते, दारं कधीच लागत नाहीत. गंज बघायला स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा: फ्लोअर, बॅटरी ट्रे, मागच्या पानपट्ट्यांची (लीफ स्प्रिंगची) टोकं जिथे धरलेली असतात ती जागा, काचेचा खालचा काठ. फ्लोअरला २० गेज, रनिंग बोर्डला १८ गेज सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा. मिग वेल्डिंगच, आर्कने पातळ पत्र्याला भोकं पडतात. टाके इंचभर अंतराने, एकदा इकडे एकदा तिकडे, नाहीतर पत्रा लाटा मारतो. घासलेल्या भागावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. लांबी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको, जाड लांबी उन्हात तडकते. कितीही खड्डा असो, ठोकून वर काढायला लावा. डेंटर कंटाळा करेल, तुम्ही करू नका. डेंटर बदलला किंवा पेंटरकडे गाडी गेली की नंबरवरची टेप पुन्हा तपासा, नव्या माणसाला जागा बोट ठेवून दाखवा. फोनवर सांगितलेलं चालत नाही.

टाकी काढून रिकामी करा. आत मूठभर नट टाकून हलवा, मग गंज काढायचं द्रावण, मग कोरडी. पेट्रोलची टाकी झाळायला थेट देऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफच पेटते. जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम बदला. ई२० पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि ओल धरतं, गाडी महिनाभर उभी राहिली की टाकी पुन्हा गंजते. मूळ पंप इंजिनवरच असतो, मे महिन्यात सीताबर्डीच्या सिग्नलला त्यात वाफ धरते आणि गाडी बंद. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावायचा तर दोन-तीन पीएसआय दाबाचाच. जास्त दाबाचा लावला की कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो.

वर्षानुवर्षं उभं इंजिन थेट सेल्फ मारून फिरवू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल, रात्रभर ठेवा, सकाळी हाताने फिरवा. मग कॉम्प्रेशन मोजा. चारही जवळपास सारखे हवेत. एकच कमी असेल तर आधी त्याचं बघा. प्लगच्या तारा काढताना क्रमांक लिहा, फायरिंगचा क्रम १-३-४-२.

वायरिंगला अर्धवट जोड देऊ नका, पूर्ण हार्नेस (तारांचा जुडगा) नवा. ६०/५५ वॉटचे हॅलोजन लावणार असाल तर रिले हवाच, नाहीतर स्विच वितळतो.

ब्रेक: चारही ड्रम, व्हील सिलिंडरचे वॉशर सगळे एकदम, पाइप स्टीलचे. ब्रेकच्या पाइपांतली हवा सर्वांत लांबच्या चाकापासून काढत या. डिस्क किट लावायचं तर मास्टर सिलिंडरही त्याला जुळणारा.

सीट, छत, क्रोम शेवटी. रंगाचा डबा एकाच बॅचचा, टचअपला अर्धा लिटर राखून.

पहिली फेरी सकाळी सहाला, वस्तीतच, हँडब्रेक तपासून. पन्नास किलोमीटर झाले की चाकांचे नट परत आवळा. पीयूसी, विमा. तपासणीच्या आदल्या रात्री टेप काढा, ग्रीस पुसा, आणि घरचा ठसा आरसीसोबत फाइलमध्ये घाला.