तराईतली फिनची सुगरण: वसाहत कशी शोधावी आणि मोजावी

विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे खोपे पाहत आपण वाढलो, त्यामुळे हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत गेल्यावर नजर आधी फांद्यांच्या खाली जाते. फिनची सुगरण, म्हणजे सुगरणीचीच एक वेगळी जात, तिथे सापडत नाही. ती काटेसावरीच्या अगदी शेंड्यावर, फांद्यांच्या बेचक्यांत गवताचं गोल, जरा विस्कटलेलंच घरटं बांधते. कधी पाण्यातल्या पाणकणसांतही बांधते. पक्षीशास्त्रज्ञ ह्यूम यांनी १८६९ मध्ये नैनितालजवळच्या कालाढुंगीच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. २०२१ पासून ती आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'संकटग्रस्त' आहे. गवताळ, दलदलीची जमीन ऊस आणि भाताखाली गेली, त्यात पकडून विकणारेही आहेत.

मे ते सप्टेंबर हा विणीचा काळ, तेव्हाच जा. हिवाळ्यात साध्या सुगरणीपासून ती वेगळी ओळखणं जाणकारांनाही जड जातं. राखीव जंगलात वनखात्याची परवानगी लागते आणि शेतात मालकाची. मालकाशी बोलताना घाई करू नका. कोणत्या सावरीवर पूर्वी 'बया', म्हणजे सुगरणी, असायच्या आणि कुठली सावर प्लायवूडसाठी गेली, हे त्यालाच ठाऊक असतं.

पाण्याजवळच्या मोकळ्या शेतातल्या उंच सावरी दुर्बिणीने एकेक तपासा. खूण सोपी आहे: नर घरट्याभोवतीची पानं खुडून टाकतो, त्यामुळे हिरव्यागार झाडाचा शेंडा तेवढा बोडका दिसतो.

मग नराचा गळा बघा. साध्या सुगरणीच्या नराचा गळा विणीच्या काळात गडद तपकिरी असतो, फिनच्या नराचा पिवळाधमक. पोटही पिवळं, गालावर तपकिरी डाग, चोच जाड. गळा दिसला नाही तर 'सुगरण, जात अनिश्चित' असंच लिहा. अंदाजाने भरलेला रकाना रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट.

मोजणी सकाळी, उन्हं चढायच्या आत करा. झाडाखाली जाऊ नका. पक्षी निर्धास्तपणे ये-जा करतील इतक्या लांब, सूर्य पाठीशी घेऊन बसा. घरटी तीन गटांत मोजा: अर्धवट, पूर्ण, आणि ज्यांत चारा नेला जातोय ती. घरट्यांची संख्या म्हणजे पक्ष्यांची संख्या नव्हे. वाऱ्याने फाटलेली, सोडून दिलेली घरटीही झाडावर तशीच राहतात, आणि वीस घरट्यांचे चाळीस पक्षी करणारा अहवाल कुणाच्याच कामाचा नसतो. पक्षी वेगळे मोजा: दर दहा मिनिटांनी एकदा झाडावरून नजर फिरवून नर आणि माद्या लिहा. शेवटी या आकड्यांची बेरीज करायची नाही, त्यांतला सर्वांत मोठा तो त्या सकाळचा आकडा. पाणकणसांत हे जमत नाही. तिथे काठावरून दिसणारे नर तेवढे मोजा आणि तसं नमूद करा.

कावळ्यांसाठी वेगळा रकाना हवाच. उघड्या शेंड्यावरची घरटी त्यांना आयतीच सापडतात. अंडी, पिल्लं पळवताना दिसले तर वेळेसह लिहा.

दर पंधरवड्याला त्याच जागेवरून, त्याच कोनातून झाडाचा फोटो घ्या आणि मोजणी करा. काहीच न सापडलेल्या सावरींचीही तारखेसह नोंद ठेवा. या नोंदी लोक कंटाळून गाळतात आणि पुढच्या वर्षी तुलना करायला काहीच उरत नाही. हिवाळ्यात एक चक्कर टाकून झाडं उभी आहेत ना, एवढं बघा.

हात बसवायला तराईच गाठायला हवी असं नाही. पावसाळ्यात गावच्या सुगरणींवर हीच पद्धत वापरून पाहा. कुमाऊंच्या तराईत या पक्ष्याच्या विणीचा अभ्यास करणारे व्ही. सी. आंबेडकर साध्या सुगरणीचेही अभ्यासक होते.

नोंदी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीसारख्या संस्थेकडे द्या. फेसबुकवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकायचंच असेल तर जिल्ह्यापुढे काही सांगू नका, आणि फोनमधल्या फोटोतलं ठिकाण आधी काढून टाका. पक्षी पकडणारेही तेच फोटो बघतात.