घाईने जेवणाऱ्या कुत्र्याला सावकाश कसे जेवू घालावे

भांडे जमिनीला टेकते न टेकते तोच रिकामे होते, कुत्रा ते चाटत चाटत भिंतीपर्यंत सरकवत नेतो आणि मान वर करून पुन्हा आपल्या हाताकडे पाहतो. ‘किती आवडीने जेवतो’ म्हणून घरातली माणसे सुखावतात; परंतु थोड्याच वेळात तेच अन्न जसेच्या तसे फरशीवर पडलेले दिसते, किंवा त्याला ठसका लागतो, किंवा पोट तट्ट फुगून तो अस्वस्थपणे फिरू लागतो. अशा कुत्र्याला हावरट म्हणून मोकळे होणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्याच्या घाईमागे बहुधा भीती, भूक किंवा पिल्लूपणीची सवय असते, आणि अन्न कोठे, किती व कशातून मिळते एवढे बदलले तर ही घाई पुष्कळ कमी होते.

एक घास बत्तीस वेळा चावावा, हा आपल्या घरातला उपदेश कुत्र्याला लागू पडत नाही, हे प्रथम समजून घ्यावे. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात, पण त्याच्या मुख्य दाढा कात्रीच्या पात्यांप्रमाणे मांस कापण्यासाठी घडलेल्या आहेत, आणि त्याचा जबडा गाईम्हशीसारखा बाजूला न फिरता मुख्यतः खालीवर हलतो. तुकडा घशाखाली उतरेल एवढा लहान झाला की तो गिळायचा, ही त्याची स्वाभाविक रीत आहे. म्हणून त्याने चावून खावे असा आग्रह न धरता एका वेळी तोंडात जाणारा घास लहान व्हावा आणि दोन घासांमध्ये अंतर पडावे, एवढेच साधायचे असते.

कोणताही उपाय करण्यापूर्वी तीन दिवस नुसते निरीक्षण करावे. जेवण किती सेकंदांत संपते ते घड्याळ लावून लिहून ठेवावे. त्या वेळी जवळ दुसरा कुत्रा, मांजर किंवा लहान मूल असते का, कुत्रा जेवताना मान वर करून आजूबाजूला पाहतो का, त्याचे अंग ताठ होते का, हेही टिपावे. बाहेर आलेले अन्न कसे आले तेही महत्त्वाचे आहे. अन्ननलिकेतूनच परत येणारे अन्न उमासे न येता, मान खाली घालताच बाहेर पडते आणि न पचलेले असते. खऱ्या उलटीत आधी पोट आत ओढले जाते. जेवणाचा वेग कमी केल्यानंतरही पहिला प्रकार चालूच राहिला, तर अन्ननलिकेचा विकार नाही ना, याची तपासणी करून घ्यावी.

कुत्रा अलीकडेच एकाएकी आधाशासारखा खाऊ लागला असेल, तर मात्र आधी पशुवैद्यकाकडे जावे. जंत, मधुमेह, स्वादुपिंडाचे किंवा अंतःस्रावी ग्रंथींचे विकार यांमुळे भूक वाढते. खाजेसाठी दिली जाणारी स्टेरॉइडे आणि फिट्सवरील काही औषधे यांनीही वाढते. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल, तर भांडे बदलून काहीही उपयोग होणार नाही. लॅब्राडोरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की साधारण चारांपैकी एका लॅब्राडोरमध्ये पोट भरल्याची जाणीव होण्याशी संबंधित असलेल्या एका जनुकाचा काही भाग गळालेला असतो. अशा कुत्र्याची खा-खा ही त्याच्या शरीराची घडण आहे. ती शिस्तीने जाणार नाही, परंतु त्याच्या जेवणाचा वेग आणि जेवणाचे माप दोन्ही आपल्या हातात असतात.

दिवसाचे सगळे अन्न स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजावे आणि त्याचे भाग करावेत. तीन-चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला दिवसातून ४ वेळा, सहा महिन्यांपर्यंत ३ वेळा आणि प्रौढ कुत्र्याला किमान २ वेळा खायला द्यावे. दिवसभर उपाशी ठेवून रात्री सर्वांची जेवणे झाल्यावर एकदाच पातेलेभर भात घालण्याची पद्धत अजूनही अनेक घरांत दिसते. घाईने खाण्याची सवय लावण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही. बरगड्या हाताला सहज लागतात पण नजरेत भरत नाहीत, असे अंग असावे. ज्याच्या बरगड्या दिसतात, त्याला आधी पुरेसे अन्न हवे आहे, सावकाश खाण्याचे धडे नंतर.

आता जागेविषयी, कारण माझ्या मते निम्मे काम येथेच होते. पिल्ले एकाच ताटात तोंड घालून वाढतात, आणि जो थांबतो तो उपाशी राहतो, हे त्यांना डोळे उघडल्यानंतर काही आठवड्यांतच कळते. रस्त्यावरून आणलेल्या गावठी कुत्र्याने तर कचराकुंडीपाशी हेच प्रत्यक्ष भोगलेले असते. आमच्या घरी आलेली कुत्री सुरुवातीचे कित्येक दिवस दाराकडे तोंड करून, मागचे पाय वाकवून खात असे, जणू कोणीतरी येऊन हाकलणारच आहे. तिचे भांडे वाटेतून उचलून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवले, जेवताना तिच्याजवळून ये-जा बंद केली, आणि भांड्याला कोणीही हात लावायचा नाही असा घरात नियम केला. अन्न, भांडे, वेळ यांतले काहीही न बदलता दोन आठवड्यांत तिचे पाय सरळ झाले आणि ती मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबू लागली.

घरात दोन कुत्रे असतील तर त्यांना एकमेकांच्या दृष्टीआड, शक्यतो मध्ये बंद दार ठेवून, एकाच वेळी खायला द्यावे. एकमेकांपासून चार हातांवर भांडी ठेवून भागत नाही. दुसऱ्याचे खाऊन संपल्याचा आवाज ऐकला की पहिला घाई करतोच. दोघांचे जेवण पूर्ण झाल्यावर भांडी उचलावीत आणि मगच दार उघडावे. लहान मुलांना तर जेवणाऱ्या कुत्र्यापासून दूरच ठेवावे.

येथे एका चुकीच्या सल्ल्याविषयी स्पष्टपणे लिहिले पाहिजे. कुत्र्याला ‘मालक कोण’ हे कळावे म्हणून जेवताना भांड्यात हात घालावा किंवा भांडे मध्येच ओढून घ्यावे, असे काही जण सांगतात. त्यामुळे कुत्र्याची भीती खरी ठरते. तो आणखी वेगाने गिळू लागतो, आणि पुढे गुरगुरणे व चावणेही सुरू होऊ शकते. याच्या उलट करावे. तो खात असताना थोड्या अंतरावरून जाताना त्याच्या भांड्याजवळ उकडलेल्या कोंबडीचा किंवा अंड्याचा लहानसा तुकडा टाकावा आणि न थांबता पुढे जावे. जवळ येणारे माणूस काही काढून न घेता देऊन जाते, हा अनुभव रोज आला की त्याचा जीव भांड्यात पडतो. कुत्रा आधीच गुरगुरत असेल, तर हेही स्वतःच्या मनाने न करता जाणकार प्रशिक्षकाच्या किंवा पशुवैद्यकाच्या मदतीने करावे.

यानंतर भांड्याची पाळी. अन्नाचा ढीग हाच घाईचा मित्र असतो, म्हणून अन्न पसरावे. आपल्या घरात यासाठी सर्वांत उत्तम साधन म्हणजे अप्पेपात्र. प्रत्येक खळग्यात थोडे थोडे अन्न घातले की कुत्र्याला दर वेळी तोंड उचलून दुसरीकडे न्यावे लागते, आणि बिडाचे पात्र जड असल्याने तो ते ढकलत नेऊ शकत नाही. जुने, वापरातून गेलेले पात्र घ्यावे; नॉनस्टिकचे घेऊ नये, कारण दात लागून त्याचा थर निघतो. दहीभात, खिमाभात किंवा भाजी-भात असे ओले अन्न खळग्यांत बोटाने दाबून बसवावे, म्हणजे ते चाटूनच काढावे लागते. पोळी देत असाल तर मोठे कोरडे तुकडे टाकू नयेत, ते न चावता गिळले जातात आणि घशात अडकतात. ती पातळ वरणात किंवा कोंबडीच्या बिनमिठाच्या, बिनकांद्याच्या पाण्यात भिजवून कुस्करावी. शिजवलेली हाडे कोणत्याही भांड्यातून देऊ नयेत. ती फुटून त्यांच्या टोकदार काड्या होतात.

विकतचे कोरडे खाद्य देणाऱ्यांसाठी काम अधिकच सोपे आहे. मोठ्या परातीत खाद्याचा एकच थर पसरावा, किंवा जुना टॉवेल अंथरून त्यावर दाणे टाकावेत आणि तो सैल गुंडाळून ठेवावा. कुत्र्याला हुंगून, नाकाने उलगडून एकेक दाणा शोधावा लागतो, आणि हुंगण्यात तो मनापासून रमतो. कापड फाडून गिळणाऱ्या कुत्र्यासाठी मात्र हा उपाय वापरू नये. खाद्यात कोमट पाणी घालून दहा-पंधरा मिनिटे भिजू दिले, तर दाणे फुगतात, सुटे राहत नाहीत आणि ठसका लागण्याचे प्रमाण कमी होते. भांड्यात मध्यभागी गुळगुळीत गोटा ठेवण्याचा उपायही चालतो, पण गोटा कुत्र्याच्या तोंडात कोणत्याही परिस्थितीत मावणार नाही एवढा मोठा हवा. दगड चघळणाऱ्या कुत्र्याला तो देऊ नये, कारण दात तुटतो.

आतून उंचवटे आणि चक्रव्यूहासारख्या वाटा असलेली भांडी बाजारात मिळतात. घ्यायचीच असतील तर रबरी बुडाची आणि जाड घ्यावीत. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला उथळ वाटांचे भांडे लागते; खोल भांड्यात त्याचे तोंड पोचत नाही आणि तो वैतागून कडा चावू लागतो. सुरुवातीला निम्मे अन्न साध्या भांड्यात आणि निम्मे नव्या भांड्यात द्यावे, म्हणजे जेवण हिरावले गेले असे त्याला वाटणार नाही. या भांड्यांच्या कोपऱ्यांत भात चिकटून राहतो आणि पावसाळ्यात एका रात्रीत आंबतो, म्हणून प्रत्येक जेवणानंतर ती ब्रशने घासावीत. अर्ध्या मिनिटात संपणारे जेवण पाच-सात मिनिटांवर गेले की पुरे. त्याहून अवघड कोडी घालून कुत्र्याला रडकुंडीला आणू नये.

जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांच्या मालकांनी हा विषय अधिक गांभीर्याने घ्यावा. या कुत्र्यांचे जठर वायूने फुगून स्वतःभोवती पिळले जाण्याचा धोका असतो. पीळ पडला की वायू बाहेर पडत नाही, जठराचा रक्तपुरवठा तुटतो, हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब येतो आणि काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठ्या जातींच्या कुत्र्यांविषयी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वेगाने खाणे आणि उंचावर ठेवलेले भांडे या दोन्ही गोष्टींचा या धोक्याशी संबंध आढळला होता. म्हणून पशुवैद्यकाने विशिष्ट कारणासाठी सांगितले नसेल, तर भांड्यासाठी उंच स्टँड घेऊ नये, आणि जेवणानंतर किमान तासभर पळापळ टाळावी. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधून ठेवण्याची शस्त्रक्रिया करता येते. त्याविषयीही विचारून घ्यावे.

पोट ढोलासारखे ताणलेले, वारंवार उमासे येऊनही बाहेर काही पडत नाही, लाळ गळते, कुत्रा एका जागी बसू शकत नाही, हिरड्या फिक्या पडल्या आहेत, अशी चिन्हे दिसली तर खाण्याचा सोडा, ओवा, हिंग असले काहीही पाजत बसू नये; त्याच क्षणी गाडी काढावी. रात्री उघडा असणारा जवळचा प्राण्यांचा दवाखाना कोणता, हे आजच शोधून त्याचा क्रमांक फ्रिजवर चिकटवावा. घास घशात अडकला असेल तर तोंड उघडून पाहावे, वस्तू दिसत असेल तरच ती ओढून काढावी. न दिसता बोटे घातली तर ती आणखी आत सरकते.

सवय सुटली असे वाटल्यावर पुन्हा साध्या भांड्यावर येण्याची घाई करू नये. पाहुणे येतात, घरी दुसरे पिल्लू येते, किंवा गणपतीत सगळे गावी जातात आणि अंगणात ओळख नसलेली कुत्री फिरत असतात, तेव्हा जुनी भीती जागी होते आणि भांडे पुन्हा अर्ध्या मिनिटात रिकामे होते. गावी जाताना सामानात अप्पेपात्र घ्यावे. कुत्र्याला शेजाऱ्यांकडे किंवा बोर्डिंगमध्ये ठेवत असाल, तर अन्नाचे माप, वेळा आणि ‘जेवताना याच्याजवळ कोणी जाऊ नये’ ही सूचना कागदावर लिहून, पात्रासोबत त्यांच्या हाती द्यावी.